चौकड्यांवरची रेघ

३ जानेवारी, बुधवार

आठवीचं गणित आज माझ्या गळ्यात पडलं. गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की आता तो वर्ग तुमचा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी ओळखत नाही, त्यांच्या घरी काय म्हणतात देव जाणे.

मी विज्ञान शिकलेली. मग लग्न केलं, आणि लग्नात जे शिकले त्याचा शाळेत काडीचा उपयोग नाही. गेल्या जूनपासून इथे बदली शिक्षिका आहे. बदली शिक्षिका म्हणजे जिथे भोक पडेल तिथे लावायचं ठिगळ.

पण आज बाईंनी आणखी एक सांगितलं. रजेवर गेलेल्या बाई परत येतील असं दिसत नाही. फेब्रुवारीत तपासणी अधिकारी येणार, माझा पाठ बघणार. पाठ चांगला झाला तर कायम करतील. आणि कायम झालेल्या एकट्या बाईला शाळेच्या मागच्या ओळीतली खोली मिळते. एक रिकामी आहे.

मी 'हो बाई, हो बाई' करत बाहेर आले. धडा दोन चलांच्या समीकरणांचा आणि आलेखांचा आहे. माझ्या डोक्यात मात्र दिवसभर खोलीच.

ही वही मी शक्यतो शिक्षकखोलीत रिकाम्या तासाला लिहिते, अडलं तर रात्री घरी. ताईच्या घरी टेबल एकच आणि त्यावर शिलाई मशीन. माझ्या खाटेवर दिवसभर कापडाचे गठ्ठे असतात. ताई शाळांचे गणवेश शिवते, आमच्या शाळेचेसुद्धा. झोपायच्या आधी मी गठ्ठे उतरवते, सकाळी परत चढवते. नवऱ्याचं घर सोडून 'चार दिवस' म्हणून आले होते. त्याला तीन वर्षं होतील.

८ जानेवारी, सोमवार

काल ताईला खोलीचं सांगितलं. ती काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "छान झालं की." मग थोड्या वेळाने गठ्ठा उचलायला वाकली आणि तिची पाठ धरली. अशी धरली की सरळ होता येईना. भाऊजींनी आणि मी मिळून तिला पलंगावर आणलं. बिचारी त्या मशीनपुढे वाकून वाकून अर्धी झाली आहे.

राहिलेली काजं मी केली. पोळ्याही मीच केल्या. भाऊजी जेवताना मला म्हणाले, "तिला सांग, उद्या डॉक्टरकडे जाऊन ये म्हणावं." ताई समोरच्या पलंगावर पडलेली, दोन हातांवर. मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "त्यांना सांग, डॉक्टर नको, शेक पुरे." मी भाऊजींना सांगितलं. मी म्हणजे या घरातला टेलिफोन आहे. पूर्वी हसू यायचं, आता सवय झाली.

आज वर्गात पहिला तास. दोन्ही मुठींत खडूचे तुकडे घेतले आणि म्हटलं, मिळून सात आहेत, कोणत्या मुठीत किती ते सांगा. फळ्यावर लिहिलं: क्ष + य = ७. पोरं तुटून पडली. तीन आणि चार! पाच आणि दोन! मी प्रत्येकाला म्हणत गेले, बरोबर. सगळ्यांचंच बरोबर म्हटल्यावर वर्गाचा रस संपला. मागच्या बाकावरून आवाज आला, "पण बाई, खरं उत्तर कोणतं?"

ही मुलगी प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करते. वर्गाने तिचं नाव पणबाई ठेवलं आहे. मी सांगितलं, जोड्या सगळ्या खऱ्या, उत्तर एक नाहीच. ती म्हणाली, "पण तुमच्या मुठीत तर एकच आहे ना. तुम्हाला माहीत आहे आणि आम्हाला सांगत नाही."

मूठ उघडून दाखवली. पाच आणि दोन. ज्यांनी पाच-दोन म्हटलं होतं ते नाचले आणि बाकीचे चूक ठरले. तास वाया गेला. मूठ उघडायलाच नको होती.

११ जानेवारी, गुरुवार

आज नुसतं समीकरण दिलं, मूठ नाही. गोष्ट ताईच्या शिलाईतली घेतली. एका शर्टाला दोन खिसे, एका फ्रॉकला एक. मिळून बारा खिसे लावले. शर्ट किती, फ्रॉक किती? शर्ट क्ष, फ्रॉक य. २क्ष + य = १२. एक शर्ट असेल तर दहा फ्रॉक. दोन असतील तर आठ. तीनला सहा. पोरांनी तक्ता भराभर भरला. शर्ट एकाने वाढला की फ्रॉक दोनाने उतरतात हे मात्र कोणाला दिसलं नाही, अगदी डोळ्यांसमोर आकडे असून. मुलं आकडे पाहतात, दोन आकड्यांमधलं नातं पाहत नाहीत. मी किती वेळा म्हटलं, नीट बघा, एक हललं की दुसरं हलतं. बघतच नाहीत.

दुपारी कारकुनाने मागची खोली उघडून दाखवली. लहान आहे. एक खिडकी, कोपऱ्यात नळ आणि मोरी, भिंतीत दोन फळ्या. मी उगाच नळ सोडून पाहिला. पाणी आलं. कारकून म्हणाला, "अहो, नळाला पाणी येणारच." त्याला काय सांगणार.

१२ जानेवारी, शुक्रवार

काल रात्री जेवताना खोलीचं वर्णन केलं. सकाळी ताईची पाठ पुन्हा गेली. थंडीही आहे म्हणा.

१८ जानेवारी, गुरुवार

आलेख शिकवायचा तर चौकटीचे कागद लागतात. शाळेत ते नाहीत, मागवले आहेत असं गेल्या वर्षीपासून सांगतात. फळ्यावर चौकटी आखता आखता अर्धा तास संपतो. परवा खाटेवरचे गठ्ठे उतरवताना डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गणवेशाचं कापड चौकडीचं! सगळ्या चौकड्या अगदी सारख्या. कोपऱ्यात एक तुकडा पडला होता, तो कापला, पुठ्ठ्यावर ताणून बसवला, खाली एक आडवी आणि डावीकडे एक उभी रेघ लाल दोऱ्याने घातली आणि बटणं घेऊन वर्गात गेले.

एका शर्टाला दहा फ्रॉक: आडव्या रेघेवर एक घर उजवीकडे, तिथून दहा घरं वर. टाकला टाका, बसलं बटण. दोनला आठ. तिसरं बटण पणबाईने लावलं. चौथं लावताना वर्गात कुजबुज सुरू झाली. पाचवं बटण लावायच्या आधीच पोरं ओरडली, "बाई, तिथे! तिथेच येणार!" सगळी बटणं एका सरळ रेघेत उतरत होती. मला ते माहीतच होतं, तरी अंगावर काटा आला. मी कोणाला ती रेघ सांगितली नव्हती.

मग एकाने स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. पूर्ण वर्ग आलेखाचा कागद अंगावर घालून बसला होता आणि आम्हाला आज कळलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

तो तुकडा कोपऱ्यात पडलेला नव्हता, बाजूला काढून ठेवलेला होता. सहा शर्टांच्या खिशांचं कापड. ताई काल संध्याकाळी शोधून शोधून दमली. मी सांगितल्यावर शांतपणे म्हणाली, "तुला विचारायची गरज वाटली नाही, कारण हे तुझंच घर आहे, असंच ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग खोली कशाला पाहिजे?"

खरंच कशाला पाहिजे? खाते-पिते, कोणी वावगं बोलत नाही, ताईने कधी तोंडावर दार लावलं नाही. सकाळी उठून तिच्या केसांना तेल लावते तेव्हा ती लहानपणासारखी मान मागे टाकते. मी कृतघ्न आहे असं वाटतं. आणि असं वाटत असतानासुद्धा छातीवर कोणी गठ्ठा ठेवल्यासारखं होतं.

खिसे दुसऱ्या कापडातून निघाले. पाठ दुखतेच आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

भंबेरी उडाली. आठवीच्या पोरांनी घरी जाऊन शर्टांवर पेनाने ठिपके काढले. कोणी खांद्यापासून कमरेपर्यंत, कोणी पाठीवर, मित्राकडून. शाई निघत नाही. सकाळी फाटकाशी आया उभ्या. मोठ्या बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, हे गणित आहे की धुलाईचा धंदा? मी माफी मागितली. ठिपक्यांवर बंदी आली.

पण मी शर्ट पाहिले. एक सोडून सगळ्या शर्टांवर ठिपके सरळ रेघेत होते. एकाचीच रेघ वाकडी, त्याने क्ष आणि य यांची अदलाबदल मधूनच केली होती. पणबाईने रेघ खिशावरून नेली आणि खिसा जरा तिरका शिवलेला असल्यामुळे तिथे चौकट मोडते, म्हणून खिसा सोडून दिला आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'इथे जागा चुकली आहे, माझी नाही.'

ताईला सांगितलं तर ती पोट धरून हसली. नवे शर्ट शिवायला येतील म्हणाली, काढू देत अजून ठिपके. किती दिवसांनी हसली. भाऊजी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता मला म्हणाले, "काय झालं तिला हसायला?" मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेही हसले. ताई त्यांच्याकडे बघत होती.

२९ जानेवारी, सोमवार

शिक्षकखोलीत बोलणं ऐकलं की रजेवरच्या बाई कदाचित परत येतील. तोंडचं पाणी पळालं. घरी जाऊन ताईला म्हटलं, खोली बहुतेक गेलीच. ताई म्हणाली, "जाऊ दे गं. नशिबात असेल ते होईल." संध्याकाळी तिने सगळ्या चादरी धुतल्या, गच्चीवर नेऊन वाळत घातल्या, आणि माझ्या खाटेवरचे गठ्ठे स्वतः उतरवून ठेवले. तिला बरं वाटतंय हे एक तरी चांगलं. शेक लागू पडला म्हणायचा.

१ फेब्रुवारी, गुरुवार

अफवा होती. रजेवरच्या बाईंनी राजीनामाच पाठवला. तपासणी पुढच्या शुक्रवारी.

मोठ्या बाईंनी वर्गात येऊन स्वतः तयारी घेतली. या शाळेची एक रीत आहे, मला माहीत नव्हती. साहेबांसमोर बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई उजव्या हातालाच विचारतात. साहेबांना दिसतं, सगळ्या वर्गाला सगळं येतं. मोठ्या बाई म्हणाल्या, कितीतरी वर्षं चाललंय, कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मला बरं वाटलं नाही. पण मी मान हलवली. खोलीपायी मान हलवली हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलणार.

प्रश्नसुद्धा ठरवून दिले. तोच बारा खिशांचा प्रश्न, त्याच जोड्या. 'उत्तर काय?' असं विचारायचं आणि मुलाने 'तीन आणि सहा' म्हणायचं. चारदा सराव झाला. पणबाई चारही वेळा डावा हात वर करून बसली होती. तास संपल्यावर तिला विचारलं, अगं, जोड्या तर तूच सगळ्यांत आधी काढतेस. ती म्हणाली, "पण तुम्ही जोडी विचारत नाही ना, उत्तर विचारता. ते मला येत नाही." मी म्हटलं, बरं, डावाच ठेव. म्हणजे निदान तिला विचारायची वेळ येणार नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या पाठ. आज पहाटे ताई उठूच शकली नाही. पाय खाली टेकवला की कळवळते. आणि नेमके उद्या दुकानदाराला वीस शर्ट द्यायचे आहेत, काज-बटणं बाकी. मी म्हटलं मी करते. शाळेतून धावत आले आणि बसले. ताई पडल्या पडल्या सारखी म्हणत होती, "माझ्यामुळे तुझी तयारी राहिली." मी म्हटलं, काही नाही गं. खरं तर मला रडू येत होतं. तिच्यावर राग येत होता आणि आजारी माणसावर कसला राग करायचा, म्हणून स्वतःवर येत होता.

भाऊजी म्हणाले, "तिला सांग, दुकानदाराला एक दिवस थांबायला सांगता येईल." ताई म्हणाली, "त्यांना सांग, शब्द दिलाय." मधे मी, हातात सुई.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

संपलं सगळं. शिक्षकखोलीत एकटी बसून लिहून काढते.

अधिकारी साहेब वयस्कर, शांत. शेवटच्या बाकावर पणबाईच्या शेजारीच जाऊन बसले. मी पाठ सुरू केला. प्रश्न विचारला, सगळे हात वर. मी उजव्यांना विचारलं, फटाफट बरोबर. दोनदा, तीनदा. साहेब वहीत काहीच लिहीत नव्हते. मग म्हणाले, "बाई, आता मी विचारू का?" आणि शेजारी वळून पणबाईला म्हणाले, "तू मघापासून हात वर करतेयस, तुला कोणी विचारत नाही. काय उत्तर या समीकरणाचं?"

ती उभी राहिली. "पण सर, एक उत्तर नाहीये."

"म्हणजे?"

"एक आकडा तुम्ही सांगा, दुसरा मी सांगते. दोन्ही नाही निवडता येत. एक निवडला की दुसरा आपोआप ठरतो."

साहेबांनी जरा विचार केला. "बरं. क्ष साडेतीन."

अपूर्णांक आम्ही कधी घेतलेच नव्हते. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळे मिटले.

पणबाई म्हणाली, "पण साडेतीन शर्ट नाही शिवता येत. शर्टांची गोष्ट असेल तर चालणार नाही. नुसता क्ष असेल तर चालेल. मग य पाच." ती पुठ्ठ्यापाशी आली, आडव्या रेघेवर तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या बरोबर मधे बोट ठेवलं, पाच घरं वर नेलं. बोट दोन बटणांच्या मधोमध, त्याच रेघेवर थांबलं. तिने बोट तिथेच ठेवून वळून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे बाई, मधली जागा रिकामी नाहीये."

मला तर तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

आणि मग साहेबांनी सहज विचारलं, "एवढं येतं, मग डावा हात का वर करत होतीस?" ती पोर खरं बोलली. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा, आम्हाला तसं शिकवलंय, आणि एकच उत्तर मला येत नव्हतं.

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वही मिटली आणि बाहेर गेले.

घरी काय सांगू? ताई वाट बघत असेल.

१० फेब्रुवारी, शनिवार

ताई मायेनं वागली. काल सगळं ऐकून तिने मला पोटाशी धरलं, स्वतः उठून माझ्या आवडीचं केलं, दोनदा वाढलं. दुखणं बाजूला सारून उभी राहिली होती ओट्याशी. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं आणि मी तिच्या घरातून पळायला बघत होते.

रात्री कुशीवर वळले तर पायाला गठ्ठा लागला. उतरवायचा राहिला होता. तसाच राहू दिला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांचा शेरा आला. मोठ्या बाईंनी आपल्या खोलीत बोलावून कागद माझ्यापुढे सरकवला. हातांची पद्धत ताबडतोब बंद करावी. आणि खाली: 'शिक्षिकेला हा वर्ग पुढेही द्यावा. मुले प्रश्न विचारतात.' कायम होण्याचं पत्र पुढच्या आठवड्यात.

मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या, "पण-पण करणाऱ्या पोरीने वाचवलं तुम्हाला." मग स्वतःच म्हणाल्या, "आणि मला बुडवलं."

पणबाईला सांगायला गेले तर ती म्हणाली, पण उभ्या रेघेचं समीकरण कसं असतं ते तुम्ही अजून सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ताईची पाठ एवढी वाईट कधीच नव्हती. डॉक्टर घरी आले. दाबून पाहिलं, पाय वर करून पाहिले, म्हणाले मला काही सापडत नाही, विश्रांती घ्या. डॉक्टरांना न सापडणारी दुखणी असतात.

आता हिला अशी टाकून कशी जाऊ? बरी होईपर्यंत थांबावं लागणार.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कारकुनाने विचारलं, किल्ली घेता की खेळाच्या सरांना देऊ, ते मागे लागलेत. महिनाअखेरपर्यंत काय ते सांगा. मी म्हटलं, बहीण आजारी आहे. तो म्हणाला, "बाई, खोली आजारी नाही ना. ती थांबत नाही."

घरी जेवताना मी भाऊजींना म्हटलं की खोली सोडते. ते बराच वेळ घास फिरवत राहिले. मग म्हणाले, "जा तू. तुझं वय आहे का कोपऱ्यात राहायचं?" आणि ताईकडे न बघता, "तिला सांग, मी बघेन तिचं."

ताई तिथेच, पलंगावर. मी वळले तर तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. मी सांगितलं नाही. तिने ऐकलंच होतं.

उद्या किल्ली घेते. लिहिताना आनंद होत नाही, नुसती भीती वाटते की कोणीतरी मधेच थांबवेल.

२४ फेब्रुवारी, शनिवार

आले. एक ट्रंक, एक गादी, बादली. सकाळी निघताना ताई पडूनच होती. डोक्यावरून हात फिरवला तर म्हणाली, "जपून." एवढंच. ताईच्या घरात मशीनची टकटक सदाची, इथे काहीच आवाज नाही. दुपारी गादीवर आडवी झाले तेव्हा सवयीने आधी गठ्ठे शोधले.

२६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

हे खोलीतच लिहिते आहे, गादीच्या कडेला बसून, वही मांडीवर ठेवून.

काल संध्याकाळी दार वाजलं. ताई. काखेत उशी, खांद्यावर वळकटी, बस बदलून एकटी आलेली. वळकटी मी घेईपर्यंत तिने ती सहज खाली ठेवली, वाकून, आणि सरळ उभी राहिली. पाठ अशी ताठ. मी बघत राहिले. तिच्या लक्षात आलं मी काय बघतेय ते. खोटं बोलायचा प्रयत्नही तिने केला नाही.

आम्ही गादीवर बसलो. मला खूप काही विचारायचं होतं, रागही होता, पण ती आधी बोलली.

"दोन दिवस झाले तू जाऊन. घरात एक शब्द नाही. टीव्हीसुद्धा लावत नाहीत. मी चहा ठेवते, ते पितात, कप ठेवतात."

मी म्हटलं, "पूर्वी कुठे तुझ्याशी बोलायचे?"

"माझ्याशी नाही गं. तुझ्याशी बोलायचे. ते मला ऐकू यायचं."

मला वाटत होतं त्या घराने मला धरून ठेवलंय. मी तिला थोपटत बसले. लवकरच झोपली ती, अंधार पडायच्या सुमारास, शाल ओढून, आणि रात्रभर एकदाही कण्हली नाही.

सकाळ झाली तरी उठलेली नाही. मी आवरून तयार. मघाशी भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "तिकडे आहे का?" मी म्हटलं, झोपलीय. मग म्हणाले, "उठली की तिला सांग..." मी थांबले. ते थांबले. मी विचारलं, काय सांगू? ते म्हणाले, "काही नाही. नुसतं सांग." आणि ठेवला.

आता अडचण अशी की या दाराला कडी आतून आहे आणि बाहेरून कुलूप. कुलूप लावलं तर ती आत कोंडली जाईल. कडी लावून घे म्हणायचं तर उठवावं लागेल, आणि अशी झोपलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नाही. दार नुसतं लोटून जावं तर मैदानावरची पोरं चेंडू शोधत सरळ आत शिरतात.

पहिली घंटा झाली. पहिला तास आठवीचा, उभ्या रेघेचं समीकरण आज सांगेन म्हणून कबूल केलंय. खिडकीतून पोरं रांगेने वर्गात जाताना दिसतात. ताईने कूस बदलली आणि माझा पदर हाताखाली धरून पुन्हा झोपली.

दुसरी घंटा. मी बसले आहे.